वस्तादानं हात काढला, मग शिस्त कुणाकडं?

इंदूरच्या होळकर स्टेडियमवर १९ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री भारताच्या मुली इंग्लंडकडून अवघ्या ४ धावांनी हरल्या. २८९ धावांचं लक्ष्य अगदी हाताशी आलं होतं. सांगलीची स्मृती मानधना ८८ वर उंच फटका मारायला गेली, झेल देऊन परतली आणि जिंकत आणलेला सामना निसटला. विश्वचषकातला तो सलग तिसरा पराभव होता. प्रशिक्षक अमोल मुझुमदार एरवी आवाज न चढवणारे. मुंबईसाठी पदार्पणातच २६० धावा काढून आणि प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा करूनही भारताकडून एकदाही खेळायला न मिळालेला हा माणूस. खेळाडूंना त्यांच्या पद्धतीनं खेळू द्यावं, अशा वृत्तीचा. त्या रात्री मात्र ते ड्रेसिंग रूममध्ये कडक बोलले. हे नंतर त्यांनीही सांगितलं आणि कर्णधार हरमनप्रीतनंही. चार दिवसांनी नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध स्मृतीनं १०९ काढल्या. ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पार झाल्या आणि २ नोव्हेंबरला विश्वचषक हातात आला.

"वर्षात एकदाच बोलला, म्हणून तर पोरींनी ऐकलं," वस्ताद म्हणतात. "रोज बोलत असता तर इंदूरला त्याचा आवाज पंख्याच्या आवाजागत कानावरून गेला असता."

मॅडमना हे पटत नाही. "आणि तीन सामने हरेपर्यंत गप्प बसायचं? पहिला सामना हातातून गेला तेव्हाच बोलले असते तर पुढचे दोन तरी वाचले असते."

वस्ताद कराडच्या बाजूचे. तालीम चालवतात, मातीची आणि आता पलीकडच्या शेडमध्ये मॅटचीही. मॅडम सांगलीच्या. शाळा-कॉलेजातल्या मुलींचा खो-खो घेतात, संघ घेऊन राज्यभर फिरतात. दोघांची गाठ पडली ती कराडला, १५ जानेवारीला खाशाबा जाधवांच्या जयंतीच्या कार्यक्रमात. व्यासपीठावरची भाषणं संपली तरी मंडपाच्या कडेला या दोघांचं संपेना. तरुणपणी धाकात वाढलेला, मिशीवाला तालमीचा वस्ताद पोरांना मोकळं सोडा म्हणतो आणि पदवी-पदविका घेतलेली शहरातली प्रशिक्षक लगाम आवळा म्हणते, हे ऐकणाऱ्याला उलटं वाटेल. दोघांचीही कारणं मात्र त्यांच्या रोजच्या कामातून आलेली आहेत.

वस्तादांचं कारण आधी. त्यांच्या तालमीत पहाटे चारला दिवस उजाडतो, पण उठवायला ते जात नाहीत. थोरला पठ्ठ्या उठतो आणि बाकीच्यांना उठवतो. नवं पोरगं असेल त्यानं फावडं घेऊन हौदा उकरायचा, माती भुसभुशीत करायची, वर पाणी शिंपडायचं. मातीत हळद, ताक, लिंबू, तेल किती आणि कधी घालायचं ते थोरला बघतो. जोर, बैठका, सपाट्या, मग जोडी लावून लढती. कोण कुणाशी लढेल तेही बऱ्याचदा तोच ठरवतो. वस्ताद कडेला लाकडी बाकावर बसून असतात. एखाद्याचा पट काढताना गुडघा चुकीचा टेकला तर सकाळी काही बोलत नाहीत, संध्याकाळी एकट्याला बोलावून दाखवतात.

"आवो, आखाड्यात उतरला की त्याच्याबरोबर मी असतो का?" ते विचारतात. "तिथं त्याचं त्यालाच ठरवायचंय. तालमीत सगळं मी ठरवलं तर तिथं जाऊन तो माझ्याकडं बघत बसंल. तेवढ्यात समोरचा ढाक मारून मोकळा."

मॅडमच्या खेळात तर हे आणखी खरं आहे. खो मिळाला की चौकातून उठायचं. कुठल्या अंगानं उठायचं, पुढचा खो कुणाला द्यायचा, हे ठरवायला क्षणभरही मिळत नाही. नऊ मिनिटांच्या डावात बाहेरून ओरडलेलं निम्मं ऐकूही येत नाही. हे मॅडमही कबूल करतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की मैदानावरची मोकळीक आणि मैदानाबाहेरची मोकळीक या दोन गोष्टी आहेत आणि दुसरीतच सगळी गोम आहे.

"तुमचा थोरला चांगला आहे, वस्ताद. पण तो चांगला नसेल तर?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारलेला नव्हता. वस्ताद बाजूला बसले की तालमीतला कारभार थोरल्याकडं जातो. मग बारा वर्षांच्या पोरानं थोरल्याचे लंगोट धुवायचे, रात्री अंग रगडून द्यायचं, त्याच्यासाठी दगडी कुंडीत बदाम घोटायचे आणि स्वतःच्या वाट्याचं दूधही त्याच्या पेल्यात गेलं तर तोंड उघडायचं नाही. हे कुठंच होत नाही असं कुणीही म्हणू नये. वसतिगृहात, अकादमीत, संघाच्या मुक्कामाच्या खोल्यांत हे होतं. मॅडम म्हणतात, "प्रशिक्षक म्हणतो, मी मोकळीक दिली. मोकळीक मिळते ती वरच्या दोघांना. खालच्या दहांना काय मिळतं ते विचारायला कोण जातं?"

वस्ताद थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "थोरला निवडायचा मीच ना. ते काम मी कुणावर टाकत न्हाय."

त्यांचा हा मुद्दा किती वजनाचा आहे ते दूर अमेरिकेतल्या एका प्रकरणातून चांगलं दिसतं. बेसबॉलच्या संघात प्रमुख प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात. तिथं साखळीतच १६२ सामने, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर जवळपास रोज एक. खेळाडूंचा दिवस घरापेक्षा क्लबहाउसमध्ये, म्हणजे संघाच्या कपडे बदलायच्या आणि बसायच्या जागेत, जास्त जातो. एवढ्या लांब हंगामात रोज छडी घेऊन उभा राहणारा मॅनेजर जुलैपर्यंत सगळ्यांना नकोसा होतो. बोस्टन रेड सॉक्सचे टेरी फ्रँकोना हे खेळाडूंना मोठ्या माणसांसारखं वागवणारे, खोलीतलं खोलीत मिटवू देणारे. २००४ मध्ये त्यांच्या संघानं ८६ वर्षांनी अजिंक्यपद आणलं, २००७ मध्ये पुन्हा आणलं. पुढं २०११ चा सप्टेंबर आला. प्ले-ऑफच्या जागेसाठी महिन्याच्या सुरुवातीला ९ सामन्यांची आघाडी होती. त्या महिन्यात २७ पैकी २० सामने हरून संघ बाहेर पडला. नंतर बातम्या आल्या, की ज्या दिवशी आपली गोलंदाजी नाही त्या दिवशी काही पिचर सामना चालू असताना क्लबहाउसमध्ये बसून बिअर पीत होते, तळलेलं चिकन खात होते, व्हिडिओ गेम खेळत होते. फ्रँकोना गेले.

मॅनेजर तोच होता आणि त्याची रीतही तीच होती. मग बिघडलं कुठं? बिघाडाची कारणं बरीच सांगितली गेली. त्यातलं एक इथं कामाचं आहे. संघाचा कर्णधार, कॅचर जेसन व्हॅरिटेक, तेव्हाही संघात होता, पण ३९ वर्षांचा झालेला आणि पहिल्या पसंतीचा न राहिलेला. खोलीचा कारभार ज्याच्या जिवावर चालतो त्याचा दरारा खेळाबरोबर ओसरतो आणि मॅनेजर बाकावर बसूनच राहिला तर ते त्याला उशिरा कळतं.

आपल्याकडच्या तालमीत हे दर दोन-तीन वर्षांनी घडतं. थोरला पठ्ठ्या पोलीस भरतीत लागतो, सैन्यात जातो, नाहीतर मोठ्या तालमीत पुण्या-कोल्हापूरला जातो. मागं उरलेल्यांत सगळ्यात वयानं मोठा असतो तो आपोआप थोरला होतो. तो शहाणा असेलच असं नाही. वस्ताद म्हणतात तेवढी निवड सगळेच करत असते तर मॅडमना बोलायला जागा उरली नसती.

पण बोस्टनच्या मालकांनी यावर काढलेला उपाय बघा, असं वस्तादांच्या बाजूनं म्हणता येईल. त्यांनी २०१२ साठी बॉबी व्हॅलेंटाइन यांना आणलं, कडक आणि तोंडानं फटकळ. एप्रिलमध्येच त्यांनी केव्हिन युकिलिस या जुन्या खेळाडूच्या मनापासून खेळण्यावर जाहीरपणे शंका घेतली. दुसरा ज्येष्ठ खेळाडू डस्टिन पेड्रोया यानं तितक्याच जाहीरपणे सांगितलं, की आपल्याकडं असं करत नाहीत. युकिलिसला जूनमध्ये दुसऱ्या संघात पाठवलं. वर्षाखेर ९३ पराभव झाले आणि व्हॅलेंटाइनही गेले. आणि हात सैल ठेवणारे फ्रँकोना? ते क्लीव्हलँडला गेले आणि २०१६ मध्ये त्या संघाला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेले.

छडीनं काय होतं याची गोष्ट सांगायला एवढं लांब जायची गरज नाही, असं म्हणून वस्तादांनी १९३६ चा इंग्लंड दौरा काढला. लाला अमरनाथ धावांचा पाऊस पाडत होते. इसेक्सविरुद्ध तर दोन्ही डावांत शतक. लॉर्ड्सवरच्या एका सामन्यात पॅड बांधून बसवून ठेवलं आणि त्यांच्याआधी दुसऱ्यांना खेळायला पाठवलं. अमरनाथ चिडले, ड्रेसिंग रूममध्ये सामान आपटलं, पंजाबीत काहीबाही बोलले. कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार आणि मॅनेजर मेजर ब्रिटन-जोन्स यांनी बेशिस्तीचा ठपका ठेवून त्यांना पहिल्या कसोटीआधीच बोटीनं परत धाडलं. संघ तीन कसोटींची मालिका २-० हरला. मागाहून बसलेल्या चौकशीत अमरनाथांवरचा डाग पुसला गेला आणि महाराजकुमारांच्या कप्तानीवरच ताशेरे आले.

"नियम होता, शिक्षा झाली. शिस्त आली का?" वस्ताद विचारतात.

मॅडम म्हणतात, "तो शिस्तीचा दोष नाही, खुनशीपणाचा आहे. मी मुलीला संघाबाहेर बसवते ते तिला आधी दोनदा सांगून, तिच्या आईवडिलांना कळवून. अमरनाथांना कुणी आधी जवळ बसवून विचारलं होतं?"

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. तरीही कडक हाताची बाजू घेणाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी धरावी. ज्याच्या हातात शिक्षा असते त्याचा राग-लोभही त्या शिक्षेत उतरतो आणि ते ओळखायला संघातल्या पोरांना वेळ लागत नाही.

२००७ ची गोष्ट दोघांनीही आपापल्या बाजूनं वापरली. प्रशिक्षक ग्रेग चॅपेल यांच्या दोन वर्षांत भारतीय संघ धुसफुसत होता. वेस्ट इंडीजमधल्या विश्वचषकात बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून पहिल्याच फेरीत बाहेर पडला. चॅपेल यांच्या वागण्यावर सचिन तेंडुलकरनं पुढं आत्मचरित्रात उघड टीका केली. चॅपेल गेल्यावर इंग्लंड दौऱ्यासाठी मंडळानं मॅनेजर म्हणून पाठवलं पुण्याच्या चंदू बोर्डे यांना. लॉर्ड्सची कसोटी चालू असतानाच त्यांना ७३ वर्षं पूर्ण झाली. गोलंदाजीला वेंकटेश प्रसाद, क्षेत्ररक्षणाला रॉबिन सिंग आणि संघ चालवायला कर्णधार द्रविड, तेंडुलकर, कुंबळे, गांगुली. बोर्डे यांनी या माणसांना खेळ शिकवायचा प्रश्नच नव्हता. ट्रेंट ब्रिजची कसोटी ७ गडी राखून जिंकली आणि २१ वर्षांनी इंग्लंडमध्ये मालिका खिशात आली.

"घ्या," वस्ताद म्हणाले. "म्हातारा माणूस नुसता बसला होता, अन् पोरं जिंकून आली."

"आणि त्याच ट्रेंट ब्रिजला श्रीशांतनं इंग्लंडच्या कप्तानाला, वॉनला, चालता चालता खांदा मारला. निम्मी मॅच फी दंड झाला," मॅडमनी लगेच परतवलं. "द्रविड-कुंबळेंना मोकळं सोडा, माझं काही म्हणणं नाही. श्रीशांतसारखा जो असतो, त्याच्याजवळ कुणीतरी उभं राहायला पाहिजे होतं."

एका संघात बाराजण असले तर बाराजणांना एकच माप लागू होत नाही, हे वस्तादांना मान्य आहे. तेही नव्या पोराला महिनाभर स्वतःच्या शेजारी झोपवतात. मॅडमना वाटतं तेवढे हे हात झटकलेले गृहस्थ नाहीत. पुढं बोलता बोलता त्यांच्या शाळेचा विषय निघाला. ते रयतच्या वसतिगृहात वाढलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं तेव्हापासून तिथली रीत अशी, की भाकरी पोरांनीच थापायच्या, भांडी त्यांनीच घासायची, राबायचं आणि शिकायचं. वस्ताद म्हणतात, मोकळीक म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर हेच येतं. काम पोरांकडं द्यायचं, त्याचा हिशेब पोरांनीच एकमेकांकडून घ्यायचा. मॅडमनी त्यांना आठवण करून दिली, की त्याच वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं होतं. पोरं भाकरी थापत होती हे खरं, पण पीठ आहे का नाही याची काळजी घरातली माणसं वाहत होती.

वादाचा खरा पेच पुढं आला, खाशाबांच्याच गोष्टीत. जयंती त्यांची, गाव गोळेश्वर तिथून हाकेच्या अंतरावर. आणि ती गोष्ट काढली मॅडमनी.

हेलसिंकी, २३ जुलै १९५२, बँटमवेट गट. राजाराम कॉलेजच्या खर्डीकर सरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले, तेव्हा खाशाबा तिथवर पोचले होते. कॅनडा, मेक्सिकोच्या मल्लांना हरवून ते पुढं आले. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती थोडक्यात गेली. अंग घामानं निथळत होतं, दम खाऊन झालेला नव्हता, तोच सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोवशी लढायला पुकारा झाला. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, असा नियम होता. तो सांगायला, टेबलापाशी जाऊन हरकत घ्यायला भारताचा एकही अधिकारी तिथं नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणि दुसरं यायला १९९६ उजाडावं लागलं. पदकाचा रंग बदलला असता का, हे आज कुणी सांगू शकणार नाही. पण अर्धा तास त्यांच्या हक्काचा होता.

"तुमच्या तालुक्यातला माणूस, वस्ताद. मोकळा सोडलेला. पूर्ण मोकळा," मॅडम म्हणाल्या.

वस्तादांचा चेहरा उतरला. ही गोष्ट त्यांनी शंभर वेळा ऐकलेली आहे, पोरांना ते दरवर्षी सांगतात. पण या बाजूनं ती त्यांच्यावर कुणी उलटवली नव्हती. "त्याला मी मोकळीक म्हणणार न्हाय," ते म्हणाले. "तो माणूस कामावरच नव्हता. मी बाकावर गप बसतो, पण बाकावर असतो. माझ्या पोराला पुकारा झाला अन् त्याचा दम खाली बसला नसंल, तर मी टेबल उलटं करीन."

इथं मॅडमची बाजू अधिक पटते, आणि ती केवळ खाशाबांच्या गोष्टीमुळं नव्हे. मोकळीक देणारा प्रशिक्षक आणि गायब असलेला प्रशिक्षक यांच्यातला फरक वस्तादांना स्वतःला ठाऊक असतो. बाहेरून बघणाऱ्या पालकाला, संस्थेच्या सेक्रेटरीला तो चांगल्या दिवसांत दिसत नाही, कारण चांगल्या दिवशी दोघंही गप्पच बसलेले असतात. फरक कळतो तो नेमका नको त्या दिवशी.

उलट बाजूची एक ताजी गोष्ट वस्तादांनी स्वतःहून पुढं केली, त्यांना ती लागलेली होती. फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी. पृथ्वीराज मोहोळशी झालेल्या कुस्तीत आपली पाठ टेकली नव्हती, असं शिवराज राक्षेचं म्हणणं. राग अनावर झाला आणि त्यानं पंचाला लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांशी वाद घालून मैदान सोडून गेला. दोघांवरही तीन-तीन वर्षांची बंदी आली. राक्षे आधी महाराष्ट्र केसरीची गदा घेतलेला मल्ल, कोवळं पोरगं नव्हे. "आमच्या धंद्यात धाक कमी हाय असं कोण म्हणंल?" वस्ताद विचारतात. "पहाटेपासून रात्रीपर्यंत धाकच. तरी हे झालं. धाक तालमीच्या दारापर्यंत पुरतो. त्या मैदानात, हजारो लोकांसमोर, पंचानं हात वर केल्यावर पोराच्या डोक्यात काय चालतं त्याला धाक काय करणार?"

मॅडमचं उत्तर वेगळं होतं. त्यांच्या मते त्या क्षणी मल्लाच्या कोपऱ्यात कोण उभं होतं, हा प्रश्न आहे. पंचाचा निर्णय चुकलाही असेल. त्यावर हरकत घ्यायची रीत असते, ती घेणारा माणूस शांत डोक्याचा हवा, आणि मल्लाला दोन्ही हातांनी मागं ओढायचं काम त्याचंच. साताऱ्याच्या प्रवीण सावंतांचं उदाहरण त्यांनी दिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीच्या जागतिक स्पर्धेत त्यांच्याकडं शिकलेल्या अदिती स्वामीनं वयाच्या १७ व्या वर्षी अजिंक्यपद मिळवलं आणि त्याच दिवशी नागपूरच्या, पण साताऱ्यात सराव केलेल्या ओजस देवतळेनं दीडशेपैकी दीडशे गुण घेऊन पुरुषांचं. तिरंदाजीत प्रशिक्षक रेषेमागं उभा असतो. बाण सोडणारी एकटी. दोन बाणांच्या मध्ये चार शब्द बोलता येतात, तेवढेच. "चार शब्द कुठले, ते तयार असावे लागतात," मॅडम म्हणाल्या. "ते वर्षभर तिला ओळखल्याशिवाय सुचत नाहीत."

सांगलीच्या स्मृतीनं तर दोन्ही टोकं पाहिली आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मिताली राजला बाहेर बसवलं, भारत इंग्लंडकडून ८ गड्यांनी हरला आणि मग पत्रं सुरू झाली. मितालीनं मंडळाला पत्र लिहून प्रशिक्षक रमेश पोवार यांच्यावर आरोप केले. पोवार यांनी अहवालात मितालीच्या वागण्यावर बोट ठेवलं. हरमनप्रीत आणि स्मृतीनं पोवार यांनाच ठेवा असं लिहिलं. पोवार यांचा करार वाढला नाही, डिसेंबरात डब्ल्यू. व्ही. रामन आले. स्मृती तेव्हा २२ वर्षांची होती. सात वर्षांनी इंदूरला तीच उपकर्णधार. हरल्यावर पडझड आपल्यापासून सुरू झाली, असं तिनं पत्रकारांसमोर स्वतःवर घेतलं. मुझुमदारांचं कडक बोलणं पचलं ते यामुळंही. खोलीत आधीच कुणीतरी चूक आपल्या नावावर घेतली होती, बोट दाखवत फिरायची वेळ कुणावर आली नव्हती. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचा डोंगर समोर असताना मुझुमदारांनी फळ्यावर एवढंच लिहिलं, की अंतिम फेरीत जायला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७.

"म्हणजे माझंच खरं," वस्ताद म्हणाले.

"त्या बायका पंचवीस-तीस-पस्तिशीच्या आहेत. माझ्या मुली चौदा वर्षांच्या," मॅडम म्हणाल्या, आणि पिशवीचा विषय निघाला.

मॅडमच्या संघाच्या दौऱ्यावर एक कापडी पिशवी असते. रात्री साडेनऊला सगळ्या मुलींचे मोबाईल तिच्यात जातात, प्रत्येकावर नावाची चिकटपट्टी. सकाळी चहाच्या वेळी परत मिळतात. खोल्यांना आतून कडी, मॅडमच्या खोलीचं दार अर्धं उघडं. मुली कुरकुरतात. घरी बोलायचं असेल तर मॅडमच्या फोनवरून बोलायचं. वस्तादांना ही पिशवी मुळीच पसंत नाही. पिशवी कप्तान मुलीकडं द्या, असं त्यांचं म्हणणं. तिनं गोळा करावेत, तिनंच वाटावेत, तिचा स्वतःचा फोन सगळ्यात आधी त्यात पडावा. मोठी झाल्यावर कुणी पिशवी घेऊन येणार नाही, मग काय करणार?

मॅडमनी यावर बराच विचार केलेला दिसला. कप्तानाकडं द्यायला त्यांची हरकत नाही, एका अटीवर. रात्री एखाद्या मुलीला घाबरल्यासारखं झालं, कुणाचा मेसेज येऊन ती रडत बसली, कप्तानच तिला काही बोलली, तर तिला कप्तानाला ओलांडून थेट येता आलं पाहिजे आणि आल्याबद्दल दुसऱ्या दिवशी कुणी तिला टोमणे मारता कामा नयेत. हे जमेपर्यंत पिशवी त्यांच्याच खोलीत राहील. चौदा वर्षांच्या मुलीचे आईबाप सांगलीच्या स्टँडवर मुलीचा हात त्यांच्या हातात देतात, कप्तानाच्या नाही.

मग त्यांनी वस्तादांना विचारलं, "तुमच्याकडं बारा वर्षांचं पोरगं थोरल्याची तक्रार घेऊन शेवटचं कधी आलं होतं?"

वस्तादांनी आठवायचा प्रयत्न केला. "आलं न्हाय कधी."

"तक्रार नव्हती म्हणून?"

यावर त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते त्या हलवण्यातून कळलं नाही. तालमीत परतल्यावर ते लहान पोरांच्या रांगेत जेवायला बसणार आहेत, थोरल्यांच्या नाही, असं म्हणाले. थोरल्याच्या अधिकाराला हात लावायला ते अजूनही तयार नाहीत. त्यानं उठवायचं, त्यानंच जोड लावायची. दूध मात्र इथून पुढं वस्ताद स्वतःच्या हातानं वाटणार. मॅडमना तेवढं पुरेसं वाटत नाही, आणि तसं त्यांनी वस्तादांना तोंडावर सांगितलं.